उशाकडचा पदर

वाकळ म्हणायचं की गोधडी, यावरून आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत एक अख्खा हिवाळा भांडण चाललं. मी साताऱ्याकडची, मी वाकळच म्हणणार. शेजारच्या ताई नागपूरकडच्या, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या आणि आवाजानं त्याहून मोठ्या. त्या म्हणायच्या, "वाकळ काय वाकळ, नाव ऐकूनच अंगाला टोचून राहिली. गोधडी म्हण, बाई." मी म्हणायची, "तुमची गोधडी तुम्हाला लखलाभ." आणि दोघी एकाच कापडाच्या दोन बाजूंना बसून टाके घालायचो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. ह्यांची बदली जयपूरला झाली होती आणि लष्कराच्या त्या वस्तीत मराठी बोलणारी आम्ही जेमतेम पाच-सहा घरं होतो.

शिवायचं डोकं ताईंचं. आमच्या कुंपणापलीकडे नव्या क्वार्टर्सचं बांधकाम चाललं होतं. तिथली मजुरांची कुटुंबं पोती आणि पत्रे लावून उभ्या केलेल्या खोपटांत राहायची. जयपूरची थंडी कोरडी असते. दिवसा ऊन असतं म्हणून माणूस गाफील राहतो, आणि सूर्य कलला की ती हाडात शिरते. सकाळी दूध आणायला गेलं की त्या खोपटांतली पोरं विझलेल्या शेकोटीच्या राखेभोवती उकिडवी बसलेली दिसायची. एकदा ताईंनी ते बघितलं आणि घरी येऊन फर्मान काढलं, की संक्रांतीला या प्रत्येक खोपटात एक गोधडी गेली पाहिजे. ताईंनी फर्मान काढलं की कुणी 'का' विचारत नसे.

अडचण एकच, सुती कापड. तोवर सगळ्या जणी नायलॉनच्या आणि टेरिकॉटच्या झाल्या होत्या. धुवायला सोपं, इस्त्रीची कटकट नाही, म्हणून आम्ही खूश. पण नायलॉनची वाकळ अंगावर ठरत नाही, घसरत घसरत पायाशी जाऊन बसते. ताई घरोघर फिरून जुन्या सुती साड्या, चादरी, फाटकी धोतरं गोळा करायच्या आणि कुणी नायलॉन पुढं केलं की सरळ तोंडावर नको म्हणायच्या. वरच्या अस्तरासाठी त्यांनी जयपूरजवळच्या बगरू गावाहून छापाचं कापड आणलं होतं, छपाई जरा चुकलेलं, म्हणून स्वस्तातलं. काळ्या-तांबड्या बारीक बुट्ट्या, वरून बघा की खालून, सगळीकडे सारख्याच. ते कापड पहिल्यांदा भिजवलं तेव्हा सगळी बादली तांबडी झाली आणि आमच्या ह्यांचे दोन बनियन गुलाबी झाले. हे ते गुलाबी बनियन घालून निमूट परेडला जायचे, वर शर्ट असतो म्हणून.

दुपारी जेवणं उरकली की आमच्या दारापुढच्या उन्हात सतरंजी पसरायची, त्यावर कापडाचे थर अंथरायचे, सुरकुत्या हातानं सारख्या करायच्या आणि चौघींनी चार बाजूंना बसायचं. धावदोरा घालत कडेकडून आत यायचं. जशी वाकळ होत जाईल तशा चौघी जणी जवळ जवळ सरकत येतात आणि शेवटी मध्यावर डोक्याला डोकी लागतात. तेवढ्या वेळात जगातल्या सगळ्या सासवांची, सगळ्या बदल्यांची आणि कॅंटीनमधल्या साखरेची चौकशी होऊन जाते.

मी सगळ्यांबरोबर शिवत होते, बोलत होते, हसतही होते. पण माझ्या ट्रंकेत आईचं लुगडं होतं.

आई आदल्या माघात गेली होती. तार आमच्यापर्यंत उशिरा आली. जयपूरहून आमच्या गावी पोचायचं म्हणजे तेव्हा तीन गाड्या बदलायच्या, वर एसटी. मी पोचले तेव्हा तेराव्याची पानं मांडली होती. मला बघून सगळ्यांनी पुन्हा एकदा रडून घेतलं, पण ते रडणं माझ्यासाठी होतं, आईसाठीचं त्यांचं होऊन गेलं होतं. तिला न्हाऊ घालताना मी नव्हते, तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घातलं तेव्हा मी नव्हते. आईचा चेहरा शेवटी कसा होता असं मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "झोपल्यागत." त्या उत्तरावर मी वर्ष काढलं. रात्री डोळा लागायचा नाही. दुपारी पडलं तर छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायचं. ह्यांनी मिलिटरी हॉस्पिटलातून गोळ्या आणल्या, त्या मी तुळशीत टाकल्या. मला झोप नको होती. मला आई हवी होती, आणि त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे काही नव्हतं.

आमच्याकडे एक रीत आहे. गेलेल्या बाईचं लुगडं तिच्या लेकीनं वाकळीत घालायचं. लुगडं कापायचं नाही, फाडायचं नाही. नऊवारी अख्खंच घडी घालून थर करायचे, बाजूनं दुसऱ्या कापडाचे पट्टे जोडून रुंदी वाढवायची, आणि पदर यायचा तो उशाकडे. पायाकडे चुकूनही नाही. आई तिच्या आईची वाकळ शिवत होती तेव्हा मी तिला याचं कारण विचारलं होतं. ती म्हणाली होती, "लेकरू पदराखालीच निजतं गं. तोंडावर पदर पाहिजे." अशी वाकळ वर्षश्राद्धाच्या आत परक्या माणसाला द्यायची, नात्यातल्या नाही. आणि शिवणारीनं ती एकदाही अंगावर घ्यायची नाही. आधी स्वतः पांघरलं तर मग देणं कसलं, असं म्हणतात.

तेराव्यानंतर वहिनीनं लुगडं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही लेक. तुम्हीच शिवा." गर्द जांभळं, पिवळ्या काठाचं, पदरावर तांबडे आडवे पट्टे. मी ते ट्रंकेत तळाशी ठेवलं. कुणी घरात नसलं की ट्रंक उघडून तोंड आत खुपसायची. आईच्या मिश्रीचा, खोबरेल तेलाचा, चुलीपुढच्या घामाचा वास यायचा. मग तो कमी कमी होत गेला. दिवाळीनंतर मला कळेना की वास खरंच येतोय की मी तो मनानंच आणतेय.

माघ जवळ आला तसं लुगडं काढणं भागच होतं. मी ताईंना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी वाकळ-गोधडीवरून एक शब्द काढला नाही. मी घडी घातली, पदर एका टोकाला घेतला, खाली-वर बगरूचं कापड घातलं आणि शिवायला सुरुवात करायच्या आधी उशाकडच्या कोपऱ्याला एक लाल दोरा टाचला, वीतभर लोंबता. कारण एकदा अस्तर चढलं की दोन्हीकडून बुट्ट्या सारख्याच, मग आत पदर कुठं हे कुणी सांगावं? बाकीच्या वाकळी आम्ही चौघी चौघी शिवत होतो. ही मी एकटीनं शिवली. शेवटच्या चार टाक्यांना फार वेळ लावला.

संक्रांतीला जयपूरचं सगळं आभाळ पतंगांचं असतं. गच्चीगच्चीवर आरडाओरडा, कापलेल्या पतंगांमागे धावणारी पोरं. आम्ही तिळगुळाचे डबे आणि वाकळींचे गठ्ठे घेऊन कुंपणापलीकडे गेलो. मी मनाशी ठरवलं होतं की आईची वाकळ एखाद्या म्हातारीला द्यायची. पण देताना असं कुठलं निवडायला मिळतं? खोपटाच्या दारात ज्या उभ्या राहिल्या त्यांच्या हातावर ताई एकेक ठेवायला सांगत होत्या. माझ्या पुढ्यात आली ती एक तरणी बाई, ओढणी पार कपाळावर, कडेवर एक आणि मागं आणखी तीन-चार लेकरं. मी तिला हिंदीत सांगायला लागले, "ये बाजू सिर की तरफ..." आणि कोपरा शोधायला लागले. लाल दोरा नव्हता. मी दुसरा कोपरा बघितला, तिसरा, चौथा. वाकळ फिरवून पुन्हा बघितलं. ती बाई हात पुढं करून उभी होती, मागं रांग होती, पोरं तिळाच्या डब्याकडे बघत होती.

"काय पाहून राहिली?" ताईंनी विचारलं.

"लाल दोरा होता इथं."

"तो होय? मी कापला ना. सकाळी सगळ्या गोधड्या तपासल्या, लोंबते दोरे काढले. आमच्याकडे देण्याच्या कापडाला दोरा लोंबता ठेवत नाहीत, बाई. देणाऱ्याचा जीव अडकून राहते त्यात."

 त्यांनी भल्यासाठीच केलं होतं. मी वाकळीवरून हात फिरवून आत पदराचा जाड काठ लागतो का बघितलं. इतके थर, इतके टाके, काही लागेना. शेवटी मी ती तशीच त्या बाईच्या हातावर ठेवली. ती "जीवती रहो, बाईसा" असं काहीतरी म्हणाली. मी घरी येऊन भांडी आपटत घासली.

त्या दिवसापासून मला एकच दिसायचं. कुणाचे तरी थंडीनं उललेले पाय आईच्या पदरावर. दोन टोकं, म्हणजे निम्मी शक्यता पायांचीच. हे म्हणायचे, "अगं, पदर कुठल्या का बाजूला असेना, थंडी तर वाजत नाही ना त्यांना?" मी म्हणायची, "तुमच्या आईचा असता म्हणजे कळलं असतं."  ह्यांच्या आई ठणठणीत होत्या आणि महिन्याला पत्रातून मला स्वयंपाक शिकवायच्या.

मी मनाशी पक्कं केलं की जाऊन त्या बाईला विचारायचं, उजेडात वाकळ नीट चाचपायची, पदर सापडला की त्या टोकाला पुन्हा लाल टाका घालायचा आणि सांगून यायचं. सुई-दोरा पर्समध्ये ठेवला. पण एकदा पाहुणे आले, एकदा आमच्या धाकट्या मुलाला ताप आला, आणि मी गेले तेव्हा खोपटं उठलेली होती. चुलीचे दगड तेवढे राहिले होते. चौकीदार म्हणाला, ठेकेदारानं सगळ्यांना कानोत्याकडे नेलं, तिथं धरणाच्या बांधाजवळ दुसरं काम निघालंय.

मी घरी येऊन रडले. ह्यांनी बघितलं आणि ठेकेदाराच्या माणसांकडे चौकशी केली. तिकडचे मजूर रविवार मानत नाहीत, अमावस्येला काम बंद ठेवतात. तेव्हा अमावस्येला ह्यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. ताई म्हणाल्या, "अवसेला कुठं निघून राहिली?" मी म्हटलं, "तुमच्या दोऱ्यापायी." मग आम्ही स्कूटरवर निघालो. वस्ती शहराच्या एका टोकाला आणि कानोता दुसऱ्या. आदर्श नगर मागं पडलं तसं वारं असं काही लागायला लागलं की मी ह्यांच्या पाठीमागं तोंड लपवून बसले. वाटभर मनात हिंदी वाक्यं जुळवत होते, की त्या बाईला वाईट वाटू नये, वाकळ मागायला आली असं वाटू नये.

ती सापडली. बांधाखालच्या माळावर तशीच पोत्यांची खोपटं, आणि एका खोपटापुढं खाटेवर उन्हात वाळत टाकलेली आमची वाकळ. मी बुट्ट्यांवरून नाही, टाक्यांवरून ओळखली. माझा टाका जरा तिरका पडतो. हे म्हणाले, "मी बांधावर थांबतो," आणि गेले. ती बाई लेकरांची डोकी बघत बसली होती. तिनं मला ओळखलं, ओढणी सारखी केली, खाटेवर जागा केली.

मी विचारलं, वाकळ पांघरता तेव्हा सिर किधर, पैर किधर? तिला प्रश्नच कळेना. मग ती उठली, वाकळ जमिनीवर पसरली आणि हातानं दाखवत गेली. ही थोरली, हे दोघं, ही मी, आणि त्या टोकाला ही धाकटी. ती सगळी वाकळीत आडवी झोपत होती. एका वाकळीत सगळ्यांना बसवायचं तर दुसरा उपाय काय? उभ्यानं एक माणूस मावतं, आडव्यानं घर मावतं. पाय बाहेर राहतात, त्यावर पोती टाकायची. म्हणजे पदराला ना डोकं होतं ना पाय. एवढे दिवस मी दोन टोकांचा विचार करून जीव काढत होते आणि तिसरी रीत मला सुचलीच नव्हती. मला हसू आलं.

ती बघत राहिली. मग मी सांगितलं, "इसके अंदर मेरी माँ की साड़ी है."

"माँ कठै छै?"

"नहीं रही."

 मग वाकळीवरची माती झटकत तिनं विचारलं, "थे ओढी कोनी?" मी एकदाही पांघरली नाही का, असं. मी म्हटलं, नाही, आमच्यात तशी रीत आहे, देणारीनं पांघरायची नसते.

तिनं त्यावर विचार केला, अगदी खराखुरा. मग म्हणाली, "थे तो दे दी. अब या म्हारी छै. म्हूँ द्यूँ छूँ, ओढो." म्हणजे, तुम्ही तर देऊन टाकली, आता ही माझी, मी देतेय तर पांघरा.

मी नको नको म्हणत होते, तोवर तिनं खाट झटकली, माझ्या खांद्याला धरून मला आडवं केलं आणि वाकळ माझ्यावर घातली, पार कानापर्यंत. परक्या बाईच्या खाटेवर, भरदिवसा, चप्पल खाली, पर्स पोटाशी. मी डोळे मिटून श्वास घेतला. आईचा वास नव्हता. धुराचा होता, पोरांच्या मुताचा होता, मोहरीच्या तेलाचा होता. आईचा कुठंच नव्हता. तो आता कुठंच असणार नव्हता. हे मला तिथं कळलं, आणि मी पांघरुणाच्या आत तोंड घालून रडले, जसं गावाला तेराव्याला सगळ्यांपुढं रडता आलं नव्हतं तसं. बाहेर ती लेकरांना दबक्या आवाजात हाकलत होती.

आणि मला झोप लागली. वर्षभरात लागली नव्हती अशी. स्वप्न नाही, काही नाही.

जाग आली तेव्हा उन्हं पार उतरली होती. माझ्या पाठीशी काहीतरी उबदार होतं. ती धाकटी पोरगी कधीतरी येऊन वाकळीत शिरली होती आणि मला टेकून झोपली होती. मी हळूच उठून बसले. तिची आई चुलीपाशी होती, ती उठून आली, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि वाकळीचं टोक उचलून घडी घालायला लागली. म्हणाली, "ले जाओ, बाईसा. माँ की चीज छै."

मी पुढं हात केले. खोटं कशाला सांगू, मी नको म्हटलं नाही. मला ती हवी होती. पदर सांगायचा, दोरा टाकायचा, ही सगळी नाटकं होती, मी एवढ्या लांब वाकळ परत घ्यायलाच आले होते. वास नसला तरी हवी होती. हाताला ती लागली, आणि तेवढ्यात अंगावरचं सरकलं म्हणून पोरीनं झोपेतच कुरकुर केली, हात लांब केला, वाकळीचं टोक मुठीत धरलं आणि तोंडावर ओढून घेतलं. मग पुन्हा गाढ.

मी हात सोडले. तिच्या आईच्या हातातलं टोकही मी सोडवून घेतलं, आणि दोन्ही हातांनी वाकळ त्या पोरीवर नीट घातली. पाठीमागून खोचली, पायाकडून खोचली, खांद्यापाशी वारं शिरणार नाही अशी दाबली. आईच्या अंगावर शेवटचं काही घालायला मी नव्हते. मी सावकाश घातलं, घाई केली नाही. ती बाई मध्ये आली नाही.

बांधावर हे शेंगांची टरफलं टाकत उभे होते. मला बघून स्कूटर काढली. "सांगितलंस का, पदर कुठला ते?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ह्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि किक मारली.

स्कूटर सुरू झाली. मागं खोपटांतून धूर निघायला लागला असणार, ती बाई दारात उभी असणार. आमच्याकडे गेलेल्या माणसाला पोचवून परतताना मागं वळून बघत नाहीत. मला बघायचं फार होतं. मी बघितलं नाही.